गुणवंतांची अर्धी फी

तुमसर
११ जुलै १९८५

गुणवंत कुमारी जिजा यांस,

अभिनंदन! आपल्या तंत्रनिकेतनात सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आता तुझा नंबर पहिला. सोमवारपर्यंत तो माझा होता. मी तो सोडला. सोबत कॉलेजही सोडलं, कारण नुसता नंबर सोडायची सोय त्यांच्याकडे नव्हती.

तू त्या दिवशी आत्याला घेऊन दवाखान्यात गेली होतीस, म्हणून झालेला प्रकार सविस्तर कळवतो. सकाळी आलो तर फाटकावर नवाकोरा बोर्ड. "संस्थापक-अध्यक्ष मा. श्यामरावजी यांच्या कृपेने अर्ध्या फीवर शिकणारे आमचे गुणवंत." खाली एकच नाव, माझं. मार्क मी आणले, कृपा त्यांची! शिपायाकडून शिडी घेतली, बोर्ड उतरवला आणि नेऊन श्यामरावजींच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "साहेब, तुमच्या ठेक्यातल्या तेंदूपत्त्याच्या पोत्यावर तुमचं नाव टाका. माझ्या मार्कावर कायले टाकता?"

ते म्हणाले, "माफी माग, नाही तर चालता हो."

त्यांनी दोन पर्याय दिले होते. मी सोपा निवडला.

आता भंडाऱ्यात सगळे म्हणत असतील, टेकचंदचं डोकं फिरलं. म्हणू दे. खरी गोष्ट एकट्या तुला सांगतो. बोर्ड निमित्त होता. अर्धी फी वर्गात एकालाच मिळते, पहिल्याला. मी असेपर्यंत तुला मिळणार नव्हती. तुझं पहिलं वर्ष तुझ्या बाबांनी, आसारामकाकांनी, नवं जाळं न घेता काढलं, हे आसगावात कोणाला माहीत नाही? माझे बाबा धान विकून पूर्ण फी भरू शकतात, तुझे बाबा तलावातले मासे विकून अर्धीच. म्हणून मी बाजूला झालो. उपकार मानू नको. मानलेस तर पत्राने कळव.

सध्या घनश्याममामाच्या राईस मिलमध्ये आलेल्या गाड्यांची पोती लिहून घेतो. कोंडा नाकात जातो, पण तिथे कोणाची कृपा नाही.

तुझाच,
टेकचंद


भंडारा
१९ जुलै १९८५

त्यागमूर्ती टेकचंद यांस,

तुझं पत्र आलं तेव्हा आत्या दारातच होती. आमची आनंदाबाई आत्या वाचायला शिकली नाही हे माझं नशीब. "कोणाचं व जिजा?" म्हणाली. म्हटलं, "कॉलेजाचं. एक नग हरवला म्हणते."

उपकार मानायला मी त्याच दिवशी अर्ज घेऊन ऑफिसात गेले. सुखरामभाऊ क्लार्क चष्मा पुसत म्हणाले, "पोरी, अर्ज कायचा करतं? सवलतच गेली ना." त्यांनी भिंतीवरची नोटीस दाखवली. आपण दोघं वर्षभर तिच्याखाली उभं राहून फी भरत होतो. वर्गात पुरे चाळीस असतील तर पहिल्याला अर्धी फी. चाळिसाच्या खाली गेले, तर कोणालाच नाही. आपण किती होतो, टेकचंद? चाळीस. शिडीवरून तू उतरलास आणि आम्ही एकोणचाळीस झालो.

इतका मोठा त्याग करायच्या आधी चार ओळींची नोटीस वाचायला काय झालं होतं? आणि मले विचारायले काय झालं होतं? तुझ्या मनात मी कोण आहे? नदीत नारळ सोडतात तसा नंबर सोडून द्यायचा, आणि वाहत जाईल तिकडे जिजाने तो झेलायचा?

मी अर्ध्या फीचा पहिला हप्ता भरला आहे. उरलेला दसऱ्याला भरायचा. तोपर्यंत सवलत मंजूर झाली नाही तर बाबा मला न्यायला येतील. ते ओरडणार नाहीत, ओरडले असते तर भांडता आलं असतं. नुसते दारात बसून म्हणतील, "चाल बाई." साकोलीकडचं एक स्थळ आईने पाहून ठेवलं आहे. पोराचा सायकल दुरुस्तीचा ठेला आहे म्हणते. तू पंक्चर काढून घ्यायला ये.

नाही तर परत ये. माफी माग. वर्गात बस. चाळीस होऊ दे. बोर्ड उतरवणाऱ्याला साहेब आता सवलत देणार नाहीत, मग ती मलाच मिळेल.

जिजा


तुमसर
२४ जुलै १९८५

जिजा,

माफी? त्या तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची? ज्या गोदामात काल-परवापर्यंत बिडीच्या पानांचे पुडे होते, तिथे बाक टाकून त्याने आम्हाला भरलं, आणि आता मी त्याच्यापुढे हात जोडू? फाटकातून बाहेर पडताना चार जणांसमोर मी बोललो आहे, या आवारात पाय ठेवणार नाही. माझा शब्द आहे.

चूक झाली, मान्य. नोटीस वाचली नाही. पण वर्गात मीच बसावं असा कुठे नियम आहे? डोकी चाळीस पाहिजेत, आतमध्ये काय आहे ते कोण बघते? मी तुला चाळिसावा पाठवतो.

माझा मामेभाऊ गोपीचंद. मॅट्रिक तिसऱ्या झटक्यात पास. भांग पाडायला अर्धा तास लावतो, पण मनाने वाईट नाही. मामाला वाटतं पोरगा "विंजिनेर" झाला की लग्नाच्या बाजारात त्याचा भाव उकड्या तांदळाच्या वर जाईल. मी काल रात्री जेवताना नुसतं म्हटलं, "मामा, भंडाऱ्याला एक जागा रिकामी आहे." मामाने हात धुवायच्या आत पोराचं बिऱ्हाड बांधायला सांगितलं. पहिलं वर्ष न करता दुसऱ्यात कसा बसवणार, असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. श्यामरावजींना वाटलं नाही. मामाने डोनेशनचा आकडा सांगितल्यावर ते म्हणाले, "पहिलं वर्ष तो जाता जाता करून घेईल."

म्हणजे प्रश्न मिटला. माझा शब्द राहिला, तुझी फी राहिली. डोकं असलं की असं होते.

तुझाच,
टेकचंद


भंडारा
१७ ऑगस्ट १९८५

टेकचंद यांस,

तुझा चाळिसावा पोचला. ट्रंक, मच्छरदाणी, चिवड्याचा डबा आणि उकड्या तांदळाचं अख्खं पोतं. पोतं त्याने सरळ आत्याच्या ओट्यावर टाकलं. "टेकचंददादाने सांगितलं, जिजाबाईची काळजी घेजो." तेव्हापासून आत्याच्या तोंडात एकच, "पोरगा लय गुणाचा आहे व!"

वर्गात पहिल्या दिवशी त्याने सरांना विचारलं, "सर, हा टी-स्क्वेअर खांद्यावर धरायचा का काखेत?" सगळे हसले. तोही हसला. हसणाऱ्यांवर चिडला नाही, हे तुझ्या घराण्यात पहिल्यांदा पाहिलं.

पाऊस असला की माझा ड्रॉइंग बोर्ड डोक्यावर घेतो आणि त्यावर स्वतःचा झाकून चालतो. म्हणतो, "बाई, माझ्या कागदावर काही नाहीच, भिजला तर काय जाते?" मी त्याला संध्याकाळी आत्यासमोर बसवून बेरजा-वजाबाक्यांपासून शिकवते आहे. समजलं की चेहरा असा उजळतो, की शिकवणाऱ्याला बरं वाटते.

मुख्य म्हणजे आम्ही चाळीस झालो. सुखरामभाऊंनी माझा अर्ज घेतला आणि त्यावर पेपरवेट ठेवला. म्हणाले, "आता उडून नाही जात."

बाबांना कळवलं आहे. त्यांनी पोस्टकार्डावर कोणाकडून तरी लिहून पाठवलं, "बरं झालं. तलावात पाणी चांगलं आहे."

मिलमध्ये नाकाला फडकं बांधत जा.

जिजा


तुमसर
२२ ऑगस्ट १९८५

कुमारी जिजाबाई,

पत्र वाचून आनंद झाला. इतका की मिलमध्ये आज दोन हमालांशी भांडलो.

पाच परिच्छेद मोजले. तीन गोपीचंदचे. एकात सुखरामभाऊ. एकात तुझे बाबा, आणि त्यातही तलाव. मी कुठे आहे? शेवटच्या ओळीत, नाकाला फडकं बांधून.

मी त्याला डोकं म्हणून पाठवलं होतं. त्या डोक्यावर बोर्ड धरून पावसात चालायला कोणी सांगितलं? आणि चेहरा उजळतो म्हणजे काय? आम्ही बारा वर्षं सोबत खेळलो, तो चेहरा मी कधी उजळलेला पाहिला नाही. मी वर्षभर तुझ्या शेजारच्या बाकावर बसलो, सर्वेक्षणाची साखळी धरून उन्हात उभा राहिलो, तेव्हा माझ्या चेहऱ्याचं काय होत होतं हे कोणी लिहिलं नाही.

काढ त्याच्यासोबत तुझ्या बेरजा. त्याच्या बापाची मिल आहे, माझ्या हातात फक्त पोत्यांची वही. सायकलच्या ठेल्यापेक्षा मिल बरी. आत्याची पसंती झालीच आहे, तांदूळही पोचला आहे. अक्षतांपुरता बाजूला काढून ठेवा.

टेकचंद


भंडारा
२८ सप्टेंबर १९८५

टेकचंद,

महिनाभर तुझं पत्र पुस्तकाखाली दाबून ठेवलं. आज लिहिते कारण बातमी आहे.

सवलत मंजूर झाली. गोपीचंदला.

गंमत नाही. काल सूचनाफलकावर लागलं. "होतकरू गुणवंत विद्यार्थी म्हणून यंदा अर्ध्या फीचा मान." तुझे मामा आले होते. त्यांनी म्हणे सरळ हिशोब मांडला, एवढं डोनेशन दिलं, आता फीमध्ये तरी काही सूट द्या. श्यामरावजी म्हणाले, सूट अशी नसते, एकच सवलत आहे, ती गुणवंताची. मामा म्हणाले, "मग त्याले गुणवंत करा." करून टाकलं. सुखरामभाऊंनी माझ्या अर्जावरचं पेपरवेट उचललं आणि अर्ज परत दिला. माझ्याकडे बघितलं नाही.

गोपीचंद रडला. खरंच रडला. "बाई, मी काही केलं नाही." मला माहीत आहे. तो काही करूच शकत नाही. करणारे दुसरे असतात. कोणी मला न विचारता वर्ग सोडते, कोणी मला न विचारता चाळिसावा पाठवते.

बाबांना पत्र टाकलं आहे. दसऱ्याच्या आधी न्यायला येतील. मला धरणाच्या कामावर जायचं होतं, टेकचंद. आमच्या तलावाचं तोंड दर दोन वर्षांनी फुटते आणि बाबा चिखलात उभे राहून माती टाकतात. ते कसं बांधायचं ते या वर्षीच्या पुस्तकात आहे. मी तिथपर्यंत पोचले नाही अजून.

तू तुझा शब्द सांभाळ.

जिजा


तुमसर
६ ऑक्टोबर १९८५

जिजा,

हे पत्र पोचेपर्यंत घरी गेली नसशील, तर आता जाऊ नको. आसारामकाका आले तर त्यांना जेवू घाल, झोपव, काहीही कर, बसवून ठेव.

शुक्रवारी सकाळच्या एसटीने गोपीचंद ट्रंकेसकट परत आला. दसऱ्याच्या कार्यक्रमात गुणवंताने स्टेजवर पाहुण्यांना एक धडा समजावून सांगायचा, हा श्यामरावजींचा रिवाज त्याला कोणी आधी सांगितला नव्हता. मागच्या वर्षी मी कमानीवर बोललो होतो. हे कळल्यापासून त्याने दोन दिवस अन्न घेतलं नाही. मामापुढे उभा राहून म्हणाला, "बाबा, मले पोते मोजू द्या. पोते टाळ्या नाही वाजवत." मामाने चप्पल काढली. मी मध्ये पडलो. एक मलाही बसली.

मग मामा खाली बसले आणि म्हणाले, "पैसा तर भरला. जागा वाया जाऊन राहिली. कोणी तरी बसा रे तिच्यावर."

कोणी तरी म्हणजे मी.

जिजा, मी काल भंडाऱ्याला येऊन गेलो. तुला भेटलो नाही, तोंड नव्हतं. त्या आवारात पाय ठेवला. माफी मागितली. श्यामरावजींनी ती लगेच ऐकली नाही, आधी चहा मागवला, हळूहळू प्याले, मग म्हणाले, "ऐकू नाही आलं. पुन्हा सांग." पुन्हा सांगितली. मग ते हसून सुखरामभाऊंना म्हणाले, "याले डोनेशनच्या जागेवर घ्या. पूर्ण फी. गुणवंत होता ना, मागे बसवा."

म्हणजे गेल्या वर्षीचा पहिला नंबर यंदा डोनेशनवाला झाला. मी ज्यांना वर्षभर हसलो, त्यांच्या बाकावर.

पण आपण चाळीस आहोत. आमंत्रणं छापून झाली आहेत, जिल्ह्याचे मोठे पाहुणे येणार आहेत, आणि स्टेजवर बोलू शकेल असा गुणवंत श्यामरावजींना हवा आहे. सुखरामभाऊ म्हणाले, "पोरीले म्हणा, अर्ज घेऊन ये. यावेळी मी पेपरवेट नाही, टाचणी लावतो."

त्या ऑगस्टच्या पत्रासाठी मला चप्पल आधीच बसली आहे असं समज.

टेकचंद


भंडारा
२४ ऑक्टोबर १९८५

जिजा,

बोलता येत नाही म्हणून लिहितो. एकाच वर्गात बसून पोस्टाची तिकिटं विकत घेणारे आपण दोघंच असू. पण तू वर्गात पुढे, मी मागे, आणि मध्ये अख्खं भंडारा कान देऊन.

तू तलावाच्या बांधावर बोललीस तेव्हा पाहुणे खुर्चीत पुढे सरकले. मी मागच्या दाराशी, पाण्याचे पेले घेऊन उभा होतो. डोनेशनवाल्यांना तेच काम दिलं होतं. मला वाटलं, वसूल झालं सगळं. आणि मग तू ते वाक्य बोललीस. "मा. श्यामरावजींच्या कृपेने मी शिकत आहे." कागद न बघता, तोंडपाठ! टाळ्या पडल्या. तो माणूस मान हलवत होता, तू नमस्कार करत होतीस.

याच्यासाठी मी बोर्ड काढला होता काय? बोर्ड परत लागला आहे फाटकावर, तुझ्या नावाने. मी रोज त्याच्याखालून जातो तेव्हा पोटात आग होते. तुझ्या होत नाही?

टेकचंद


भंडारा
२९ ऑक्टोबर १९८५

टेकचंद,

नाही होत.

एक वाक्य बोललं तर एक वर्ष मिळते. मी बोलले. आणखी एक मागितलं असतं तर आणखी एक बोलले असते. त्या बोर्डाखालून मी रोज जाते. वर बघत नाही, घाईत असते, पहिला तास सर्वेक्षणाचा असतो. तुझ्या रागामागे तुझ्या बाबांच्या धानाच्या बांध्या आहेत, मामाची मिल आहे. रागावून बाहेर पडलास तरी दोन वेळचं जेवण तुझ्या पुढे चालत आलं. मी रागावून बाहेर पडले असते तर साकोलीला पोचले असते. ही चैन मला परवडत नाही, रे. तुझ्याने ते वाक्य गिळवत नाही, माझ्याने गिळवलं. एवढाच फरक. मान तुझी जास्त ताठ आहे असं समजू नको.

बाबा कार्यक्रमाला आले होते. मागे, तुझ्या जवळच उभे होते, तू स्टेजकडे बघतच पेला दिलास, म्हणून ओळखलं नाहीस. घरी जाताना म्हणाले, "बांध तू सांगितला तसा घातला तर फुटणार नाही काय?" मी म्हटलं, नाही. ते एकटेच परत गेले.

आता शेवटचं. गोपीचंदचं पत्र आलं आत्याच्या नावाने, मीच वाचून दाखवलं. भोळा आहे, सगळं लिहितो. वार्षिक परीक्षेत तू प्रत्येक पेपरला एक प्रश्न सोडणार आहेस म्हणे, म्हणजे तिसऱ्या वर्षीही सवलत माझ्याकडेच राहील.

नीट वाच, आणि ही नोटीस भिंतीवर लाव. तू एक जरी प्रश्न सोडलास आणि मला कळलं, तर मी अर्ध्या फीवर थुंकून घरी जाईन. तू पूर्ण लिहून पहिला आलास तर सवलत तुझी, मी तेव्हाही घरी जाईन, पण हरून जाईन. ते चालेल. तू टाकून दिलेल्या नंबरावर मी तिसरं वर्ष काढणार नाही. एकदा तू मला न विचारता माझ्यासाठी काही केलंस, त्याचं काय झालं ते आपण पाहिलं.

पत्रं बंद. तिकिटाच्या पैशात शिसपेन्सिली येतात.

जिजा


आसगाव
२० जून १९८६

टेकचंद,

सुखरामभाऊंचं कार्ड आलं. बोर्डाचा निकाल लागला. मी पहिली, तू दुसरा. सहा मार्कांनी.

बाबांनी कार्ड तीन जणांकडून वाचून घेतलं. साकोलीवाल्यांना नकाराचा निरोप गेला.

आता खरं सांग. काही सोडलं होतंस?

जिजा


तुमसर
२७ जून १९८६

जिजा,

काही सोडलं नव्हतं. आईची शपथ. पुरवण्या लावल्या, वेळ संपल्याची घंटा झाली तरी लिहीत होतो, पर्यवेक्षकाने हातातून पेपर ओढला.

सहा मार्क? सर्वेक्षणात मी तुझ्यामागे कसा? मला हे पटत नाही. मी बोर्डाकडे फेरतपासणीचा अर्ज पाठवला आहे. मार्क वाढले तर सवलत माझी होईल आणि तुझ्यावर काय येईल, हे अर्ज टाकून झाल्यावर डोक्यात आलं. परत घ्यावा म्हणून पोस्टात गेलो. मग घेतला नाही. तूच म्हणाली होतीस, टाकलेला नको.

टेकचंद


आसगाव
४ जुलै १९८६

टेकचंद,

तुझं पत्र आईसमोर वाचलं आणि हसत सुटले. तिला वाटलं, पोरीला ऊन लागलं.

वर्षभरात तू इतकी पत्रं लिहिलीस. तुझाच, तुझाच करून सह्या केल्यास. त्यातलं एकही प्रेमपत्र नव्हतं. खरं प्रेमपत्र तू आता लिहिलंस आणि ते बोर्डाच्या पत्त्यावर गेलं. कोणी माझ्याशी इतकं मनापासून भांडायला आजवर उठलं नव्हतं.

मार्क वाढले तर वाढू दे. मी सामान बांधलेलं सोडत नाही, उचलतही नाही. बोर्डाचं उत्तर येईल तसं कळव. वाट बघते. तुझी नाही, उत्तराची. थोडी तुझी.

जिजा


तुमसर
२ ऑगस्ट १९८६

जिजा,

उत्तर आलं. फेरतपासणीत माझे दोन मार्क कमी झाले.

हसू नको.

सोमवारी फी भरायला येतो. पूर्ण.

टेकचंद